भिमाजी कोतवालाच्या नव्या पेशी

वडगावला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. पस्तीस वर्षं झाली. एवढ्या काळात हिरडेवाडीचा भिमाजी कोतवाल माझ्यासमोरून हजारदा तरी गेला असेल आणि दर वेळी त्याने मला एकच प्रश्न विचारला, "भाऊसाहेब आल्यात का?" भाऊसाहेब म्हणजे तलाठी. आणि कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दप्तर वाहायचं, दवंडी द्यायची, दारावर नोटीस चिकटवायची, आणि कुणाच्या जमिनीची मोजणी निघाली की साखळीचं एक टोक धरून चिखलात उभं राहायचं. साखळीच्या दुसऱ्या टोकाला सरकार असे. भिमाजीच्या टोकाला फक्त भिमाजी.

अडतीस वर्षं त्याने ते टोक धरलं. निवृत्तीच्या दिवशी सरकारने त्याला शाल दिली आणि साखळी जमा करून घेतली. त्यानंतर आठ-नऊ वर्षं त्याला कुणी काही विचारलं नाही. हिरडेवाडी पडली आंदर मावळात. एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात तिच्या मनात आलं तर. मुलगा कैलास लोणावळ्याजवळ एका रिसॉर्टवर कामाला, सून रेणुका शेतात आणि गोठ्यात. भिमाजी पडवीत बसून असे.

मग तो विसरायला लागला. म्हणजे तसं घरच्यांना वाटलं. मीठ आणायला गेला आणि काडेपेटी घेऊन आला. मोटर चालू ठेवून गोठ्यात बसून राहिला. एकदा रेणुकाला "भामा" म्हणून हाक मारली. भामाबाई ही त्याची बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी रेणुका नवऱ्याला म्हणाली, "आबांचं डोकं रिकामं व्हाया लागलंय. काय तरी बघा."

कैलास ज्या रिसॉर्टवर होता त्याचं नाव श्वासवन. मुंबईचे लोक तिथे तीन दिवस श्वास घ्यायला येत. दारात त्यांचे मोबाईल टोपलीत काढून घेत आणि त्यांना नाचणीची पेज देत, जी कैलास लहानपणी नको म्हणायचा. तिथे अॅक्युपंक्चरचा एक विभाग होता, आणि तो तळेगावच्या नीरजा मॅडम चालवत. बाई प्रामाणिक होत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. कामगारांच्या घरच्यांना त्या दर गुरुवारी फुकट सुया टोचत. कैलासने बापाला तिथे नेलं.

मॅडमनी आधी चाचणी घेतली.

"आबा, मी तीन शब्द सांगते. केळं, रुमाल, खुर्ची."

भिमाजीने मान हलवली. मग त्याला कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि पाच मिनिटांनी विचारलं, "मघाचे तीन शब्द कोणते?"

"ते मला सांगितलं व्हतं व्हय? मला वाटलं, कुनाला तरी आनाया सांगताय."

"बरं. आज तारीख काय?"

"माघ वद्य पंचमी."

फॉर्मवर माघ महिन्याला चौकट नव्हती. मॅडमनी शून्य लिहिलं.

"आपण आत्ता कुठल्या ठिकाणी आहोत?"

"हितं पूर्वी करवंदीची जाळी व्हती," भिमाजी म्हणाला. "त्याच्या आधीचं म्हाईत न्हाई."

फॉर्मला हवं होतं लोणावळा. तिसापैकी तेरा गुण पडले. मॅडमनी कैलासला बाजूला घेऊन काळजीच्या सुरात सांगितलं की आठ गुरुवार चुकवू नका.

सुया केसाएवढ्या बारीक. एक टाळूवर, एक भुवयांच्या मधे, दोन मनगटांवर, दोन गुडघ्यांखाली. सुया लावल्या की चाळीस मिनिटं आरामखुर्चीत पडून राहायचं, हलायचं नाही. शेजारच्या खुर्च्यांवर पाहुणे तसेच पडलेले. त्यांच्याकडे मोबाईल नाही, डोक्यात सुया, करायला काही नाही. माणूस अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून शेजाऱ्याशी बोलतो. पहिल्याच गुरुवारी ठाण्याच्या एका बाईंनी खिडकीबाहेर बघत भिमाजीला विचारलं, "काका, तो समोरचा डोंगर कुठला?"

भिमाजीने डोंगर सांगितला. मग डोंगरापलीकडची वाडी सांगितली. वाडीत किती घरं, कुणाची विहीर कधी खणली, कोणत्या साली कोणता ओढा फिरला, हेही सांगितलं. चाळीस मिनिटं संपली तरी ठाण्याच्या बाई सुया काढू देईनात. पुढच्या गुरुवारी दुसरे पाहुणे होते, त्यांनीही विचारलं. आठ गुरुवार भिमाजी टाळूवर सुई घेऊन बोलत राहिला. नीरजा मॅडम वहीत नोंदी करत होत्या: पहिला आठवडा, संवाद वाढला. तिसरा आठवडा, जुन्या आठवणी स्पष्ट. सहावा आठवडा, थांबत नाहीत.

आठव्या गुरुवारी परत चाचणी झाली. नियमाप्रमाणे मॅडमनी शब्द बदलले होते. भिमाजीने नवे तीन सांगितले आणि पाठोपाठ म्हणाला, "आन मागचे केळं, रुमाल, खुर्ची. ते बी धरून ठेवलेत. लागतील म्हनलं." तारीख त्याने येताना रेल्वेच्या तिकिटावर बघून ठेवली होती. तिसापैकी पंचवीस.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बापलेकांना समोर बसवून समजावलं. मेंदूत आठवणी साठवायचा एक भाग असतो. मोठेपणी मेंदूत नव्या पेशी येत नाहीत असं पूर्वी मानत. पण उंदरांवर प्रयोग झालेत, सुया टोचलेल्या उंदरांच्या त्या भागात नव्या पेशी जास्त दिसल्या. माणसात काय होतं ते अजून नक्की नाही. "पण आबांकडे बघून मला आशा वाटते," असं त्या म्हणाल्या.

भिमाजीने विचारलं, "उंदरांना काय आठवाया लागलं?"

"त्यांना पाण्यात सोडतात. पाय टेकायला पाण्याखाली ठेवलेला पाट कुठे आहे ते त्यांना आठवतं."

"मंजी मोजणीच," भिमाजी म्हणाला.

हे सगळं खोलीत राहिलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण श्वासवनचा मॅनेजर श्रीयश दारात उभा होता. त्याने पत्रक काढलं. मजकूर लिहिताना त्याने आधी उंदीर काढून टाकले, कारण एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांना उंदरांशी तुलना आवडत नाही. मग "आशा वाटते" काढलं. मग "अजून नक्की नाही" काढलं. उरलं ते असं: वय ६९. मेंदूत नव्या पेशी. पुसलेल्या आठवणी परत. वर भिमाजीचा फोटो, टोपी काढलेली, टाळूवर सुई. हे पत्रक कैलासने कौतुकाने गावात आणलं आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर चिकटवलं.

सकाळी दूध घालायला आलेल्या माणसांनी ते वाचलं. म्हणजे मोठ्याने एकाने वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. "पुसलेल्या आठवणी परत" ही ओळ दोघांनी पुन्हा वाचायला लावली.

कारण उघड होतं. हिरडेवाडीतल्या जमिनींना अलीकडे बंगलेवाले येऊन बघून जात. आणि त्या जमिनींचे बांध चाळीस वर्षांत कधी कसे सरकले ते जमिनीखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. त्याचं डोकं रिकामं होतंय हे ऐकून गावाने सहा महिने त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त केली होती, आणि ती मनापासून होती.

त्या आठवड्यात भिमाजीच्या पडवीत माणसं यायला लागली. ज्यांनी त्याला नऊ वर्षांत रामराम केला नव्हता ते तब्येत विचारून जाऊ लागले. कुणी काकडी आणली, कुणी खरवस. माधवराव स्वतः आले. माधवराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी, दोनदा पंचायतीत निवडून आलेले. जन्मभर त्यांनी याला "भिम्या" म्हटलं होतं.

"कसं काय भिमाजीभाऊ?"

भिमाजीने मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग म्हणाला, "बरं हाय."

"सुया टोचून घेता म्हनं. दुखत असंल."

"न्हाई. झोप लागती."

"जपा. आमच्या एका पावन्यानं घेतल्या व्हत्या. त्याला नको ते आठवाया लागलं. शेवटी घरच्यांनी बंद केल्या."

"काय आठवाया लागलं?"

माधवराव अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले. "ते काय त्यानं सांगितलं न्हाई," म्हणाले, आणि चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी चंपा आली. चंपाचा नवरा सोपान तिशीतच काविळीने गेला. तिची चार गुंठ्यांची दोन भातखाचरं माधवरावांच्या रानाला लागून. सोपान गेल्यानंतर तिची खाचरं दर पावसाळ्यात थोडी थोडी बारीक होत गेली. तिने पूर्वी दोनदा तक्रार करून पाहिली होती, पण हद्दीचा दगडच सापडत नाही म्हटल्यावर बोलणं खुंटायचं. ती पायरीवर बसली आणि सरळ म्हणाली, "भाऊ, माझ्या बांधाचा दगड कुटं व्हता?"

"जांभळीच्या बुंध्यापासून ओढ्याकडं तोंड करून अकरा पावलं," भिमाजी म्हणाला. "काळा दगड, वर फुली. सत्त्याऐंशीच्या मोजणीला मीच रोवला. त्या दिशी मोजणीदाराची चप्पल ओढ्यात वाहून गेलती, डाव्या पायाची."

चंपाने विचारलं, "हे तुमाला कवा आठवलं?"

"तू आता इचारलंस तवा."

तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेडखाली आली. अर्ज मी लिहिला. साक्षीदार म्हणून भिमाजीचं नाव घातलं, आणि खरं सांगतो, घालताना माझाही हात जरा थांबला. आमच्या इंदुरीच्या रानाची मोजणीही एकदा झाली होती आणि साखळीला कोण होतं ते मला आठवेना.

मे महिन्याच्या अखेरीस सुनावणी लागली. नायब तहसीलदार नवीन होते, समजूतदार होते. हॉलमध्ये अर्धी हिरडेवाडी आलेली. एरवी आपल्या तारखेलासुद्धा न येणारी माणसं दुसऱ्याच्या तारखेला भिंतीला टेकून उभी होती. माधवरावांच्या वकिलाने ते पत्रक पुढे ठेवलं.

"साहेब, या साक्षीदाराची स्मृती गेली होती, हे त्याच्या घरचेच सांगतात. आता जी आली आहे ती, या पत्रकाप्रमाणे, नव्या पेशींमुळे आली आहे. या पेशी यंदाच्या माघ-फाल्गुनातल्या आहेत. मोजणी सत्त्याऐंशी सालची. ज्या पेशी त्या दिवशी घटनास्थळी हजरच नव्हत्या, त्यांची साक्ष कशी घेणार? ही ऐकीव माहिती झाली."

मी या कचेरीत पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. या एकाला मी मनातल्या मनात दाद दिली. लोकही माना डोलवत होते. कैलास बिचारा ओशाळून बसला होता, पत्रक त्यानेच लावलेलं.

नीरजा मॅडमना बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, "या गृहस्थांच्या मेंदूत नव्या पेशी झाल्या आहेत, हे तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

"नाही."

"तपासता येईल?"

"जिवंत माणसात नाही. उंदरांच्या मेंदूचे काप करून बघतात."

भिमाजीने टोपी डोक्यावर घट्ट ओढली.

"पण मोठ्या माणसात अशा पेशी होतात तरी का?"

"त्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. काहींना दिसल्या, काहींना अजिबात दिसल्या नाहीत. सुयांचं म्हणाल तर उंदरांपलीकडे मी काही सांगू शकत नाही." मग मॅडम वकिलाकडे बघून म्हणाल्या, "आणि उंदरांच्या काही प्रयोगांत तर असं निघालंय की नव्या पेशी आल्या की जुन्या आठवणी पुसट होतात."

"मग हे पत्रक?"

"ते मी लिहिलेलं नाही. माझ्या म्हणण्यात उंदीर होते."

साहेबांनी पत्रक उलटं करून बाजूला ठेवलं आणि भिमाजीला पुढे बोलावलं. भिमाजी सवयीने टेबलाच्या कडेला, फायली उचलायला उभा राहावा तसा उभा राहिला.

"दगड कुठे होता हे तुम्ही विसरला होतात का?"

"न्हाई साहेब."

"मीठ आणायला जाता आणि काडेपेटी आणता, असं सुनेचं म्हणणं आहे."

"व्हय. ते इसरतो. मिठाची मोजणी न्हाई केली कधी."

"मग एवढी वर्षं बांधाबद्दल बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं न्हाई," भिमाजी म्हणाला. "आन इचारल्याबिगर बोलायचं न्हाई, हे मला हितंच शिकवलं, नोकरीच्या पयल्या दिशी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहिणं होईपर्यंत भिमाजी उभा होता, आणि मग त्याने अगदी साधेपणाने, काम पुरतं व्हावं म्हणून विचारलं, "साहेब, ह्यो एकच बांध सांगू, का समदेच सांगून टाकू?"

भिंतीला टेकलेली माणसं सरळ झाली. दोघेजण पाणी प्यायला बाहेर गेले ते परत आले नाहीत.

"आज हा एकच," साहेब म्हणाले. रीतसर मोजणीचा आदेश निघाला. पाऊस तोंडावर होता, म्हणून मोजणी दिवाळीनंतर ठरली.

मोजणीची वाट कुणी पाहिली नाही. मृग लागायच्या आत हिरडेवाडीत बांधबंदिस्तीची अशी साथ आली की विचारू नका. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, माणसं आपापले बांध मागे घेत होती. "पडला व्हता, नीट करतोय," असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता आणि ऐकणाराही फावडं घेऊनच उभा असे. माधवरावांनी चंपाचा बांध स्वतः माणसं लावून सरकवला. दोन चुलतभावांमध्ये तर भांडण झालं: हा म्हणे, तुझं तू घे, तो म्हणे, माझं एवढं नव्हतंच. मधे हातभर पट्टी दोघांनीही नाकारल्यामुळे त्या वर्षी पडीक राहिली. भिमाजीने पडवीतून काही म्हटलं नाही. त्याच्या गप्प बसण्याचा लोकांनी आणखी धसका घेतला.

श्वासवनमध्ये उलटं घडलं. बातमी पसरली आणि मुंबई-पुण्याहून फोन सुरू झाले. श्रीयशने तीन दिवसांचा "नवांकुर" नावाचा कार्यक्रम काढला. नीरजा मॅडमनी अट घातली की पत्रकात उंदीर परत घाला. त्याने मान्य केलं आणि कोपऱ्यात चष्मा घातलेला, पुस्तक वाचणारा एक गोड उंदीर छापला. मॅडमनी राजीनामा दिला. आता त्या तळेगावात छोटा दवाखाना चालवतात. कंबर, मान आणि गुडघे बघतात. पेशींचं नाव काढत नाहीत. गर्दी बेताची असते.

आंदर मावळातून मात्र सुया घ्यायला फारसं कुणी गेलं नाही. उलट दोन-तीन घरांतून म्हाताऱ्यांना स्पष्ट सांगण्यात आलं की तुमचं डोकं आहे तसंच बरं आहे.

दिवाळी झाल्यावर मोजणी आली. आता साखळी नसते. एक मुलगी तिवईवर यंत्र लावून उभी राहिली आणि अर्ध्या तासात तिने खुणा दिल्या. फुलीचा काळा दगड गाळाखाली निघाला. पण भिमाजीने सांगितल्यापेक्षा तो दीड हात इकडे होता, म्हणजे चंपाच्या बाजूला. दीड हात चंपाने माधवरावांना परत दिला. माधवरावांनी तो घेतला, पण घेताना भिमाजीकडे बघून घेतला.

भिमाजीला मात्र ते आठवडाभर लागून राहिलं. कैलास त्याला समजावत होता की सदतीस वर्षांनंतर दीड हात म्हणजे काहीच नाही. "साखळीला दीड हाताची चूक चालत न्हाई," एवढंच तो म्हणाला. जांभळीचा बुंधा जाड झाला असेल, पाऊल आखूड झालं असेल, असं मीही म्हणून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, कचेरीत दाखला काढायला आला तेव्हा.

भात झोडून झाल्यावर चंपा पाटीत नवे तांदूळ घेऊन त्याच्याकडे गेली होती. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, आजून एक इचारायचं व्हतं. त्या मोजणीच्या दिशी आमचे हे तितं व्हते ना?"

"व्हता की. दगड त्यानं आन मीच उचलला."

"काय बोलत व्हते?"

भिमाजी आठवत राहिला. त्याला मोजणीदार आठवला, त्याची चप्पल आठवली. करवंदीत अडकलेली साखळी आठवली. दगडाचं वजन आठवलं, दगडाच्या पलीकडच्या बाजूचे दोन हात आठवले, चिखलाने भरलेले. त्या हातांच्या वर काही येईना.

"हात आठवत्यात गं," तो म्हणाला. "त्वांड न्हाई आठवत. काय बोलला ते बी न्हाई."

"मला वाईट वाटलं," भिमाजी मला म्हणाला. "दीड हाताचं वाटलं त्याच्यापरीस जास्त. वाटलं, कायतरी सांगून टाकावं. हसत व्हता म्हनावं. कोन बघाया आलंय?"

"सांगितलं का?"

"न्हाई." त्याने दाखल्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. "तिनंच मग सांगितलं. घरी आल्यावर सोपान तिला काय काय म्हनाला त्या दिशी. मोजणीदाराच्या चपलेची नक्कल केली व्हती म्हनं त्यानं, एका पायावर लंगडत. ती सांगत व्हती, मी ऐकत व्हतो. रेणुका बी आली मग आतनं, ती बी बसली."